पैंजणापलीकडची चांदी: कारखाने आणि दवाखाने इतकी चांदी घेतात कशाला?

२०२५च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आंतरराष्ट्रीय बाजारात चांदीने औंसाला ५० डॉलरचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे सराफांच्या दुकानांत नाणी आणि विटा मिळेनाशा झाल्या. काही म्युच्युअल फंड कंपन्यांनी तर आपल्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणंच काही काळ थांबवलं. याआधी चांदी या टप्प्यापर्यंत दोनदाच पोहोचली होती. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंनी अवाढव्य साठा करून भाव चढवला होता, आणि दुसरी वेळ एप्रिल २०११ची. दोन्ही वेळा भाव धाडकन खाली आला. तेव्हा ‘या वेळी वेगळं काय आहे?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर हवं असेल तर चांदी कोण वापरतं, कशासाठी आणि किती, हे बघावं लागतं.

आधी हिशेब

चांदीचा जागतिक भाव ज्या औंसात सांगतात तो ३१.१ ग्रॅमचा असतो. पुढचे सगळे आकडे आपल्या सोयीसाठी टनांत देतो.

२०२४ मध्ये जगाने सुमारे ३६,२०० टन चांदी घेतली. त्यातली सुमारे २१,२०० टन, म्हणजे निम्म्याहून बरीच जास्त, उद्योगांनी घेतली. दागिन्यांत साधारण ६,५०० टन गेली, नाणी आणि विटांत ५,९०० टनांच्या आसपास. उरलेली भांडी, फोटोग्राफी वगैरे. त्याच वर्षी खाणींतून सुमारे २५,५०० टन निघाली आणि मोडीतून ६,००० टन परत आली. बेरीज केली तर गरजेपेक्षा साधारण ४,६०० टन कमी पडतात. अशी तूट २०२१ पासून दरवर्षी येते आहे. हे आकडे सिल्व्हर इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या उद्योगसंस्थेचे आहेत. चांदीचा खप वाढावा हेच तिचं काम, त्यामुळे तिचे भविष्याचे अंदाज जपून घ्यावेत. झालेल्या वर्षांचा तिचा हिशेब मात्र बाजारात सगळेच वापरतात.

तूट आहे म्हणजे चांदी संपली असं होत नाही. लंडनच्या तिजोऱ्यांत हजारो टन पडून आहे. पण त्यातला मोठा भाग ईटीएफच्या, म्हणजे गुंतवणूकदारांच्या वतीने धातू सांभाळणाऱ्या फंडांच्या मालकीचा आहे. तो विक्रीला मोकळा नसतो. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेत आयातशुल्क लागेल या भीतीने बरीच चांदी न्यूयॉर्कला हलवली गेली. तिजोरी भरलेली, पण हातात यायला माल नाही, अशी अवस्था झाली आणि नेमकी तेव्हाच भारतातून दिवाळीची मागणी आली.

चांदीच का?

सगळ्या धातूंत वीज सगळ्यात चांगली वाहून नेते चांदी. उष्णताही तीच सगळ्यात चांगली नेते. पण वीज नेण्यात तांबं तिच्या जेमतेम पाच-सहा टक्के मागे आहे आणि किमतीत कितीतरी पटींनी स्वस्त. केवळ तारा ओढायच्या असत्या तर चांदीला कोणी विचारलं नसतं.

खरा फरक तापवल्यावर कळतो. तांब्याचा तुकडा हवेत लाल होईपर्यंत तापवा, त्यावर काळी खपली धरते. ती ऑक्साइडची, आणि वीज नेण्यात अगदी कच्ची. चांदीचं ऑक्साइड दोन-तीनशे अंशांच्या पुढे टिकतच नाही, फुटून पुन्हा चांदी होते. म्हणजे उघड्या हवेतल्या भट्टीतून चांदी धातू म्हणूनच बाहेर येते. घरातली भांडी काळी पडतात ती प्राणवायूने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या वायूंनी. तो थर वेगळा.

हाच गुण स्विचमध्ये कामी येतो. इन्व्हर्टर ‘टक्’ करून बदलतो तेव्हा आतल्या रिलेचे, म्हणजे विजेनेच चालणाऱ्या बटणाचे, दोन छोटे टिकलीएवढे ठोकळे एकमेकांना भिडतात. ते सुटताना मधे ठिणगी पडते आणि क्षणभर पृष्ठभाग वितळतो. शुद्ध चांदी इथे मऊ पडते, ठोकळे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग बटण बंद केलं तरी दिवा चालूच राहतो. म्हणून चांदीत कथिलाचं ऑक्साइड किंवा निकेल मिसळतात. पूर्वी कॅडमियमचं ऑक्साइड मिसळत. ते काम उत्तम करायचं, पण विषारी असल्यामुळे मागे पडत गेलं.

एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांच्या पेटीतही चांदी असते. तांब्याच्या नळीला तांब्याची नळी जोडताना फॉस्फरस-तांब्याचा रॉड चालतो, त्यात चांदी शून्य ते पंधरा टक्के. चांदी जितकी जास्त तितका जोड कंप सहन करणारा. पण तांबं लोखंडी नळीला जोडायचं असेल तर फॉस्फरसचा रॉड अजिबात वापरू नये. लोखंडाशी फॉस्फरस मिळून ठिसूळ थर बनतो आणि काही महिन्यांनी जोड तडकून गॅस गळतो. तिथे जास्त चांदीचा, फ्लक्स (धातूवरचं ऑक्साइड काढणारं रसायन) लावून वापरायचा रॉडच लागतो. दुरुस्तीवाल्याने त्याचे जास्त पैसे सांगितले तर ते खरे असतात.

सोलार सेलवरच्या बारीक रेघा

एकट्या सोलार उद्योगाने २०२४ मध्ये सुमारे ६,१५० टन चांदी घेतली, जवळजवळ जगातल्या सगळ्या दागिन्यांएवढी. ती जाते कुठे?

सोलार पॅनेल जवळून बघा. निळ्या-काळ्या सेलवर करड्या रंगाच्या केसासारख्या बारीक समांतर रेघा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या थोड्या जाड पट्ट्या. उन्हाने सिलिकॉनमध्ये तयार झालेली वीज या रेघा गोळा करतात. त्या चांदीच्या असतात, आणि लग्नपत्रिका छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगच्या पद्धतीने छापलेल्या असतात.

शाई म्हणजे चांदीची पेस्ट: चांदीची अतिबारीक भुकटी, थोडी काचेची भुकटी आणि सगळं धरून ठेवणारा चिकट द्रव. जाळीवर पेस्ट ओढली की सेलवर २० ते ३० मायक्रॉन रुंदीची रेघ उमटते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग सेल सातशे-आठशे अंशांच्या भट्टीतून काही सेकंदांत पार होतो. द्रव जळून जातो. काच वितळते आणि सेलवरचा परावर्तन रोखणारा पातळ थर खाऊन खाली उतरते, आणि तिच्या वाटेने चांदी सिलिकॉनला जाऊन भिडते.

बिघाड होतो तो याच काही सेकंदांत. भट्टी कमी तापली तर काच थर भेदत नाही, चांदी वरच्या वर राहते आणि वीज अडते. जास्त तापली तर काच खोल शिरून सिलिकॉनच्या दोन थरांमधला सांधाच जाळते आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. जाळीचं एखादं छिद्र बुजलं की रेघ तुटते. सेलमध्ये बाहेरून वीज सोडून खास कॅमेऱ्याने फोटो काढला की तेवढा पट्टा काळा दिसतो. चांदी वाचवायला रेघ जितकी बारीक करावी तितकं हे तुटणं वाढतं. कारखान्यांची रोजची झुंज याच्याशीच आहे. आणि ते जिंकतही आले आहेत: २००९ च्या सुमारास सेलमागे अर्धा ग्रॅम चांदी लागायची, दहा वर्षांत ती ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाजवळ आली.

भाव दुप्पट झाला तरी मागणी का तुटत नाही?

आज ढोबळमानाने एका वॉटला दहा मिलिग्रॅम चांदी धरा. घरावरच्या ३ किलोवॅटच्या संचात ३० ग्रॅम झाली. किलोला दीड लाख रुपये भाव असेल तर ती ४,५०० रुपयांची. भाव दुप्पट झाला तर संचाचा खर्च आणखी ४,५०० रुपयांनी वाढेल. संच पावणेदोन-दोन लाखांचा, त्यावर पंतप्रधान सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांचं अनुदान. एवढ्या फरकासाठी कोणी छत रिकामं ठेवणार नाही.

हे हिंगासारखं आहे. किलोच्या भावाने हिंग भयंकर महाग, पण फोडणीला चिमूटभरच लागतो, म्हणून भाव चढला तरी आमटी बिनहिंगाची होत नाही. पैंजणाचं तसं नाही. तिथे जवळजवळ सगळी किंमत धातूचीच, त्यामुळे भाव वाढला की गिऱ्हाईक लगेच वजन कमी करतं किंवा खरेदी पुढे ढकलतं. हुपरीसारख्या चांदीच्या गावाला भाववाढीचा फटका आधी बसतो आणि सोलारवाल्याला उशिरा, तो यामुळे.

उशिरा, पण बसतोच. हिशेब घरमालकाऐवजी सेल बनवणाऱ्याच्या बाजूने करा. एक गिगावॅटचे, म्हणजे शंभर कोटी वॉटचे सेल म्हणजे दहा टन चांदी. सिलिकॉन वगळलं तर सेलच्या खर्चात चांदीच्या पेस्टचा वाटा सगळ्यात मोठा असतो. आणि सेलचा नफा इतका पातळ असतो की चांदी वाढली की तो तिथेच संपतो.

गाड्यांचं गणितही याच जातीचं. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत १५ ते २८ ग्रॅम आणि विजेच्या मोटारीत २५ ते ५० ग्रॅम चांदी असते, सगळी रिले, फ्यूज, सेन्सर आणि सर्किटांत विखुरलेली. लाखोंच्या गाडीत तेवढ्या चांदीचा भाव कोणी विचारत नाही.

मग तांबं वापरा की!

वापरायला सुरुवात झाली आहे, पण वाट अवघड आहे. तांब्याचे अणू गरम सिलिकॉनमध्ये झिरपतात आणि सेलची वीज करण्याची ताकद मारतात. म्हणून आधी निकेलसारख्या धातूची भिंत घालून मग तांबं चढवावं लागतं. छपाई आणि भट्टीच्या जागी रसायनांच्या टाक्या येतात, सांडपाणी येतं, नवी यंत्रं येतात. शिवाय पॅनेलची हमी २५-३० वर्षांची असते; नव्या पद्धतीचे जोड तितकी वर्षं ऊन-पाऊस सोसतील का, हे आज छातीठोक सांगणं कठीण.

मधला मार्ग म्हणजे तांब्याच्या कणांवर चांदीचा मुलामा दिलेली पेस्ट. ज्या सेलना दोनशे अंशांच्या पुढे तापवता येत नाही, त्यांच्यावर ती चालते, कारण तेवढ्या तापमानात आतलं तांबं सुरक्षित राहतं. भाव चढा राहिला तर हे बदल वेग घेतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. औद्योगिक मागणी कायम वाढतच राहील असं सांगणाऱ्यांनी फोटोग्राफी आठवावी. १९९९ च्या सुमारास फिल्म आणि फोटोचा कागद वर्षाला सात हजार टनांच्या आसपास चांदी खात होते. डिजिटल कॅमेरा आला आणि आज तो आकडा आठशे टनही भरत नाही.

भाव वाढला तर खाणी जास्त काढतील ना?

कांदा महाग झाला की पुढच्या हंगामात लागवड वाढते. चांदीत हे घडत नाही, कारण सत्तर टक्क्यांहून जास्त चांदी दुसऱ्याच धातूच्या खाणीत जोडीला निघते. खाण असते शिसं-जस्ताची, तांब्याची किंवा सोन्याची. राजस्थानातली सिंदेसर खुर्दची खाण शिसं-जस्ताची. तिच्यासारख्या खाणींतून हिंदुस्थान झिंक वर्षाला सातशे टनांच्या आसपास चांदी मिळवते, आणि ती शुद्ध होते उत्तराखंडातल्या पंतनगरला. जस्ताला मागणी नसेल तर केवळ चांदीसाठी खोदकाम वाढवणं परवडत नाही. खास चांदीच्या खाणी मेक्सिकोत बऱ्याच आहेत, पण नवी खाण सापडल्यापासून चालू व्हायला दहा वर्षं सहज जातात. भारत स्वतःच्या सातशे टनांवर भागवू शकत नाही. २०२४ मध्ये आपण सात हजार टनांहून जास्त चांदी आयात केली. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदीला आपल्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलं, त्याच्या मागेही पुरवठा अडण्याची भीती आहे.

दवाखान्यात चांदी कुठे असते?

दवाखान्यात वजनाने चांदी फार कमी लागते, पण तिचं काम मोठं आहे. सुरुवात न दिसणाऱ्या ठिकाणापासून करू. इंजेक्शनच्या पाकिटावर ‘ईओ’ने निर्जंतुक केल्याची खूण असते. हा इथिलीन ऑक्साइड वायू कारखान्यात बनतो तो चांदीच्या उत्प्रेरकावर, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थावर. पॉलिएस्टरचा धागा आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या यांचा कच्चा मालही याच वायूपासून निघतो. उत्प्रेरक काही वर्षांनी मंदावला की त्यातली जवळजवळ सगळी चांदी परत काढून घेतात.

ईसीजी काढताना छातीवर चिकटवतात त्या चकत्यांच्या मध्ये चांदी आणि त्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर असतो. शरीरात वीज क्षारांच्या कणांमधून वाहते, तारेत इलेक्ट्रॉनमधून. हा थर एकाचं दुसऱ्यात रूपांतर शांतपणे करतो. साधा स्टीलचा तुकडा लावला तर तिथे स्वतःचाच विद्युतदाब साठतो आणि हृदयाच्या मिलिव्होल्टएवढ्या संकेताची रेषा वरखाली भटकते. चकत्यांचं पाकीट उघडं राहून जेल वाळलं तरी हेच होतं. अशा वेळी यंत्राला दोष देण्याआधी चकती बदलून बघावी.

जंतू मारणारी चांदी म्हणजे तिचे विरघळलेले, विद्युतभारित कण. ते जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतात, प्रथिनं बंद पडतात, जंतूचं आवरण फाटतं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत लायपझिगचे डॉक्टर कार्ल क्रेडे नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे २ टक्के थेंब घालू लागले, आणि आईच्या परम्याच्या संसर्गाने बाळाला येणारं अंधत्व झपाट्याने कमी झालं. आता त्याजागी कमी झोंबणारी प्रतिजैविकं आहेत.

भाजल्यावर लावायचं पांढरं मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, १ टक्का. अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८ मध्ये आणलं. मलमातल्या या एक टक्का औषधात वजनाने तीस टक्के चांदी असते, म्हणजे ५०० ग्रॅमच्या डब्यात दीड ग्रॅम. हे मलम घराघरांत ठेवलेलं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भाजल्याबरोबर पहिलं काम वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरणं, बर्फ नाही. जखम मोठी किंवा खोल वाटत असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत हे मलम थापू नये. ते जखमेच्या स्रावात मिसळून पांढुरकी साय धरतं आणि जखम किती खोल आहे हे कळेनासं होतं. डॉक्टरांनी लावायला सांगितलं तर प्रत्येक वेळी जुना थर पाण्याने पूर्ण काढून दीड-दोन मिलिमीटरचा नवा थर द्यायचा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना, दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला ते चालत नाही. आणि वरवरच्या भाजण्यात या मलमाने जखम उलट सावकाश भरते असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून बरेच डॉक्टर आता इतर ड्रेसिंगकडे वळले आहेत.

त्यात चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं ड्रेसिंगही आहे, तीन ते सात दिवस तसंच ठेवता येणारं. ते भिजवायचं निर्जंतुक साध्या पाण्याने. सवयीने सलाईन ओतलं की त्यातलं मीठ चांदीला पकडून सिल्व्हर क्लोराइड बनवतं आणि महागडं ड्रेसिंग बरंचसं निकामी होतं.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती दातांच्या औषधाची. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. कीड लागलेला दात कापसाने कोरडा करायचा, थेंबभर औषध मिनिटभर लावायचं, सहा महिन्यांनी पुन्हा. ड्रिल नाही, भूल नाही, वीजही लागत नाही. बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. उणीव एकच: किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो, हे पालकांना आधी दाखवून सांगावं लागतं. दात ठणकत असेल, म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असेल, तर याचा उपयोग नाही. पण पाड्यावरच्या शाळेत, रडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला खुर्चीत न बसवता करता येईल असा दुसरा इतका सोपा इलाज नाही.

मग चांदीचं पाणी प्यावं का?

नाही. बाटलीतून विकली जाणारी ‘कोलॉइडल’ चांदी कोणत्याही आजारावर उपयोगी किंवा सुरक्षित ठरलेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे १९९९ मध्येच जाहीर केलं. ती महिनोन्‌महिने प्यायलेल्यांची त्वचा निळसर-करडी होते आणि तशीच राहते. चांदी कातडीत साठते आणि उन्हाने काळवंडते, जुन्या फोटोच्या फिल्मसारखीच क्रिया.

चांदीच्या पेल्यातून पाणी प्यायल्याने अपाय नाही. त्यात उतरणारी चांदी नगण्य असते आणि तिच्याकडून औषधाची अपेक्षाही ठेवू नये. पाण्याच्या फिल्टरमधल्या कोळशाला चांदी लावतात ती कोळशातच जंतूंनी घर करू नये म्हणून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी नसावी. मिठाईवरचा वर्ख ९९९ शुद्धतेचा असला पाहिजे आणि चौरस मीटरला २.८ ग्रॅमपेक्षा जड नको, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. तो करताना प्राण्यांचं कातडं किंवा आतडं वापरायलाही २०१६ मध्ये बंदी घातली गेली.

वापरलेली चांदी परत का येत नाही?

दागिन्यांची येते, आणि त्यात मराठी माणसाचा मोठा हात आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी भागांतून गेलेले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत मोड आटवून सोनं-चांदी शुद्ध करून देतात. चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवायची, की चांदी करड्या भुकटीसारखी तळाशी बसते. ती धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत आटवायची. ॲसिडमधून निघणारा तांबूस धूर फार घातक असतो. तेव्हा खोकल्यावर भागलं असं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी होतं. ओढ असलेलं धुराडं नसेल तर हे काम करू नये आणि करूनही घेऊ नये.

पैंजणाच्या किलोभर मोडीत शेकडो ग्रॅम चांदी असते. ५५० वॉटच्या २८ किलोच्या सोलार पॅनेलमध्ये साधारण साडेपाच ग्रॅम, तीही काच आणि चिकट प्लास्टिकच्या मधे दाबलेली. आधी ॲल्युमिनियमची चौकट काढायची, मग प्लास्टिक पाचशे अंशांच्या आसपास जाळायचं किंवा सोलायचं, मग सेल ॲसिडमध्ये घालायचे. हे सगळं टाळून पॅनेल सरसकट चिरडलं की काच आणि ॲल्युमिनियम विकता येतं, चांदी मात्र चुऱ्यात जाते. आज बहुतेक ठिकाणी असंच होतं. आपल्याकडे २०२२च्या ई-कचरा नियमांनुसार बाद पॅनेल उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचे आहेत. एका गिगावॅटच्या बाद पॅनेलमध्ये दहा टन किंवा, जुन्या पॅनेलमध्ये चांदी जास्त असल्यामुळे, त्याहूनही अधिक चांदी असेल. ती काढणारे कारखाने उभे करायला आत्तापासूनचा काळ हाताशी आहे, आणि ॲसिडातून चांदी उतरवण्याचं कसब असलेली माणसं विट्याच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत.